दोन अंशांची सहल

आमच्या घरमालकांनी आयुष्यात दारूचा थेंब तोंडात घातला नव्हता, पण कुठली व्हिस्की कशापासून केली आहे हे ते हाताला चोळून सांगायचे. दोन थेंब तळहातावर घ्यायचे, हात एकमेकांवर घासायचे आणि ओंजळ नाकाशी धरून डोळे मिटायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, तीर्थ घेताहेत. डोळे उघडून म्हणाले, "मळी. माल्ट नावाला." बाटली मी ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला निरोपाची भेट म्हणून आणली होती आणि चांगली महागाची होती. सील त्यांनीच फोडलं होतं, मला न विचारता. भाडेकरूच्या पिशवीत काय आहे हे उघडून पाहण्यात काही गैर आहे असं त्यांना वाटत नसे, कारण एकतीस वर्षं त्यांनी तेच काम केलं होतं.

नाशिकला इंदिरानगरात त्यांच्या बंगल्याच्या वरच्या मजल्यावर मी चार वर्षं भाड्यानं राहिले. मी मूळची देवळ्याची, घरी कांद्याची शेती, आणि नोकरी अंबडच्या एका औषध कंपनीत, तपासणीच्या लॅबमध्ये. त्यांना मी काका म्हणायची आणि त्यांच्या बायकोला काकू. कॉलनीतले लोक त्यांना साहेब म्हणत. ते एक्साइजचे इन्स्पेक्टर होते, पण नाक्यावर गाड्या अडवणारे नव्हेत. त्यांची नेमणूक थेट डिस्टिलरीत असायची, राहायला आवारातलंच क्वार्टर. मालाच्या गोदामाला दोन कुलपं असत. एकाची किल्ली कारखान्याच्या केमिस्टकडे, दुसऱ्याची काकांकडे. दोघं हजर असल्याशिवाय दार उघडायचं नाही, मग मुख्यमंत्री आले तरी.

निवृत्त झाल्यावरही ती दोन कुलपं त्यांच्या डोक्यातून गेली नाहीत. आमच्या गच्चीच्या दाराला दोन कुलपं होती. एक किल्ली माझ्याकडे, एक त्यांच्याकडे. मला चादर वाळत घालायची असली की मी खाली जाऊन हाक मारायची, मग ते चपला घालून, चष्मा लावून वर यायचे, आधी स्वतःचं कुलूप उघडायचे आणि बाजूला होऊन मला म्हणायचे, "हं, आता तुझं." एकदा ते पेन्शनच्या कामाला गेले असताना आभाळ भरून आलं आणि माझे आठवड्याचे कपडे गच्चीवर भिजत राहिले. मी भांडले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी एक जादा किल्ली पाकिटात घालून, पाकिटाला लाख लावून, जिन्यातल्या खिळ्याला टांगली. वर लिहिलं होतं, ‘फक्त पाऊस.’

घरात ‘अंदाजे’ हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. दूध किती आहे म्हटलं की मापात सांगायचं. रिक्षा किती वेळात येईल म्हटलं आणि मी पाच-दहा मिनिटं म्हणाले की ते म्हणायचे, "पाच की दहा?" काकू हातानंच मीठ घालायच्या आणि स्वयंपाक उत्तम व्हायचा, हे त्यांना चाळीस वर्षं समजावून घेता आलं नव्हतं. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: उपकरण दुसऱ्याचं असेल तर आकडाही दुसऱ्याचा. त्यामुळे त्यांची उपकरणं स्वतःची असत. वजनकाटा, फूटपट्टी, आणि सर्वांत लाडकं म्हणजे काचेचं एक लांब थर्मामीटर. ते मलमलीत गुंडाळून चष्म्याच्या जुन्या लांबट डबीत ठेवलेलं असे. नोकरीभर ते त्यांनी वापरलं होतं. आता त्यानं ते विरजणाचं दूध मोजायचे.

त्यांनी व्हिस्कीच्या डिस्टिलऱ्यांची एक सहल आखली, ती या थर्मामीटरमुळे. आणि थर्मामीटरचं प्रकरण सुरू झालं ते माझ्या आगाऊपणामुळे, हे आधीच कबूल करून टाकते.

आमच्या लॅबमध्ये प्रत्येक उपकरणावर एक चिठ्ठी असते, शेवटचं कधी तपासलं आणि पुन्हा कधी तपासायचं याची. एका रविवारी काका दुधात थर्मामीटर धरून बसले होते तेव्हा मी गमतीनं विचारलं की याची शेवटची तपासणी कधी झाली. ते म्हणाले, "माझ्या हातात आलं तेव्हा." मी म्हणाले, मग आमच्या हिशेबानं हे केव्हाच बाद झालंय. त्यांना ते फार लागलं. उठून त्यांनी ते पुसलं, मलमलीत गुंडाळलं, डबी माझ्या हातात दिली आणि सांगितलं की घेऊन जा, तपासा, तुमच्याच कंपनीची लाज निघेल.

मी तपासलं. तीस अंशाला ते बत्तीस दाखवत होतं, चाळीसला बेचाळीस. सगळीकडे सरळ दोन अंश जास्त. जुन्या काचेच्या थर्मामीटरचं असं होतं, कुठे आपटलं की होतं, त्यात नवल काही नाही. मी आमच्या पद्धतीप्रमाणे छापील कागद काढला आणि संध्याकाळी त्यांच्यापुढे ठेवला. जरा मिरवतच ठेवला. विरजण तरीही छान लागत होतं हे सांगून वर हसलेसुद्धा.

काका हसले नाहीत. कागद दोनदा वाचून ते उठले आणि माळ्यावरची ट्रंक खाली घ्यायला मला सांगितलं. ट्रंकेत त्यांच्या खिशातल्या डायऱ्या होत्या, वर्षावार बांधलेल्या. एक डायरी काढून त्यांनी पानं उलटली आणि माझ्यासमोर धरली. रोज सकाळचं गोदामातलं तापमान लिहिलेलं होतं, दोन रकान्यांत. एक ‘माझे’, एक ‘कारखाना’. मार्चपर्यंत दोन्ही आकडे सारखे. एप्रिलमध्ये एका दिवसापासून ‘माझे’ दोननं जास्त. खाली त्यांच्याच अक्षरात शेरा होता, ‘कारखान्याचे थर्मामीटर दोन अंश कमी दाखवते. बदलण्यास सांगितले.’ त्यानंतर आठ दिवसांनी आणखी एक शेरा, ‘नवीनही सदोष.’

ते पान वाचून मला खरं तर हसू आलं होतं. पण काकांचा चेहरा पाहून ते विरलं. मग त्यांनी जे सांगितलं ते सोपं होतं. स्पिरिट उष्णतेनं फुगतं आणि आहे त्याहून कडक भासतं, म्हणून मोजताना तापमान पाहून वजावट करावी लागते. थर्मामीटर जास्त दाखवत असेल तर वजावट जास्त होते आणि गोदामातला माल आहे त्यापेक्षा कमी भरतो. त्या वर्षी मे महिन्याच्या मोजणीत माल कमी भरला. थोडीफार घट नियमात बसते, ही नियमाबाहेर गेली. काकांनी मोजलं तेच अहवालात लिहिलं. चौकशी झाली. गोदामाच्या दोन किल्ल्या, त्यातली एक ज्याच्याकडे तो माणूस दारूला शिवत नाही हे सगळ्यांना माहीत. उरला दुसरा. साहेबांच्या किल्लीची त्यानं नक्कल करून घेतली असणार असं लोक बोलू लागले आणि कारखान्यानं केमिस्टला काढलं. त्याच्याबरोबर काकांनी सहा वर्षं रोज सकाळी एकाच दारासमोर उभं राहून कुलूप उघडलं होतं.

"माल पुरा होता," काका म्हणाले. "एक लिटर गेलेला नव्हता." असं म्हणून त्यांनी डायरी बंद केली.

तीन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. माझ्यावर राग नव्हता, पण मला वाटत होतं की असावा, म्हणजे बरं झालं असतं. चौथ्या दिवशी त्यांनी मला खाली बोलावलं आणि विचारलं की तुझी गाडी दोन दिवस मिळेल का. माझी जुनी छोटी गाडी होती. कुठे जायचंय म्हटलं तर म्हणाले, सहलीला. व्हिस्कीच्या तीन डिस्टिलऱ्या पाहायच्या, आपल्याआपण, कुणी गाइड नको. एक सिन्नरच्या अलीकडे, एक निफाडच्या बाजूला, आणि एक दिंडोरीच्या पुढे. काकूंनी आतून सांगून टाकलं की तिसऱ्या ठिकाणी तो केमिस्ट असतो. आठवड्यातून तीन दिवस येतो, पाहुण्यांना कारखाना दाखवतो. मोबाइलवर कुठल्यातरी व्हिडिओत काकांनी त्याला ओळखलं होतं.

त्यांना त्याच्यासमोर उभं राहून, तोंडानं सांगायचं होतं की चूक झाली. बाकीच्या दोन डिस्टिलऱ्या कशाला, असं मी एकदा विचारलं. त्यावर ते म्हणाले की एकदम तिसरीत गेलं तर त्याला वाटेल, मुद्दाम आलेत. मुद्दामच जाताय की, मी म्हणाले.

सहलीचा आराखडा त्यांनी पाठकोऱ्या कागदांवर केला आणि त्यात जी मजा होती ती मी आजही लोकांना सांगते. दुपारच्या आत एकच डिस्टिलरी, कारण नाक दमतं. आदल्या दिवसापासून कांदा, लसूण, उदबत्ती, मोगरा आणि अत्तर बंद. देवळ्याच्या मुलीला कांदा बंद म्हणजे काय, हे त्यांना समजावून काही उपयोग नव्हता. गाडीत टांगलेली सुगंधी डबी त्यांनी स्वतः काढून शेजाऱ्यांच्या कुंपणावर ठेवली. नाक भरून आलं तर स्वतःच्या बाहीचा वास घ्यायचा, त्यानं ते मोकळं होतं, आणि हे खरंच होतं, मी लॅबमध्ये करून पाहिलं. जेवण घरचं, भाकरी आणि बिनफोडणीचं वरण. पहिल्या रात्रीच्या मुक्कामापुढे लिहिलं होतं, ‘स्वतःचे घर’, कारण तिन्ही ठिकाणं नाशिकहून सकाळी निघून संध्याकाळी परत येण्याजोगी होती.

परवान्यावरून आमचा खरा वाद झाला. महाराष्ट्रात दारू पिण्याचा परवाना लागतो हे कागदावर खरं आहे, पण तो मागतं कोण? मी गाडी चालवणार होते, पिणार नव्हते. काका म्हणाले, "पिऊ नकोस. पण परवाना नसताना न पिणं याला काय अर्थ आहे?" त्यांनी माझ्या नावानं परवाना काढायला लावला. तो फोटो मी आईला पाठवण्याची चूक केली. तिचा लगेच फोन आला, "दारूना कारखानामा कसाले जाई ऱ्हायनी तू?" काकांनी फोन घेऊन तिला समजावलं की ही अभ्याससहल आहे, मी स्वतः बरोबर आहे आणि मी घेत नाही. आईला त्यांचं बोलणं ऐकूनच धीर आला. त्यांच्या आवाजात असं काही होतं की ते म्हणाले म्हणजे ते तसंच असणार असं कुणालाही वाटे.

एवढं सगळं झालं आणि सहल काही निघेना. पहिली तारीख ठरली त्या दिवशी पदवीधर मतदारसंघाची निवडणूक निघाली आणि जिल्ह्यात ड्राय डे. कॉलनीतल्या निम्म्या लोकांची पदवीधर म्हणून नावनोंदणी काकांनीच दारोदार जाऊन करून घेतली होती, तरी त्यांनी नेमकी तीच तारीख धरली होती. ते कळल्यावर ते ओशाळतील असं मला वाटलं. ते चक्क खुशीत आले. दुसऱ्या तारखेला द्राक्षांवर फवारणी चालू असते, वाटेत नाक बिघडेल. तिसऱ्या तारखेला त्यांच्या गुडघ्यानं असहकार पुकारला, तो दुपारपर्यंत मागे घेतला. मी तोपर्यंत दोनदा रजा टाकून दोनदा रद्द केली होती. शेवटी मी तोंडावर म्हणाले की काका, तुम्हाला जायचंच नाहीये. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "जायचंय. पण तो काय म्हणेल याचा काही अदमास लागत नाही." त्या माणसाच्या तोंडून अदमास हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. मला माझाच राग आला.

त्याच दिवशी दुपारी काकू मेथी निवडता निवडता माझ्याशी बोलल्या. क्वार्टरमध्ये केमिस्टचं घर त्यांच्या शेजारीच होतं, मध्ये फक्त तारेचं कुंपण. त्याच्या बायकोनं त्यांना शेवया करायला शिकवलं, त्यांनी तिला भरतकाम. दोघी दुपारी बसून एकाच ताटातून मुरमुरे खायच्या. ते लोक गेले ते दोन दिवसांत गेले, छोटी मुलगी टेंपोत पुढे बसलेली होती. त्यानंतर पत्र नाही, फोन नाही. काकू म्हणाल्या, "ह्यांचं बोलणं झालं की त्याच्या बायकोला विचार हं. म्हणावं, मला भेटायचंय." हे त्यांनी मला सांगितलं, काकांना नाही.

चौथ्या तारखेला मी सकाळी सातला गाडी दारात लावली आणि हॉर्न वाजवत राहिले, तेव्हा कुठे सहल निघाली.

पहिली डिस्टिलरी आम्ही जेमतेम पाहिली, कारण तिथे बाहेरच्या माणसाला आत घेत नव्हते. काकांनी फाटकाबाहेर उभं राहून, डोळे मिटून, दहा मिनिटं नुसता वास घेतला आणि म्हणाले, आंबवण चांगलं चाललंय, चला. वॉचमननं माझ्याकडे पाहून डोक्याशी बोट फिरवलं. दुसऱ्या ठिकाणी तिकीट होतं आणि गाइड सक्तीचा होता. तिथला हसरा तरुण गाइड पिंपांपुढे उभा राहून सांगत होता की लाकडातून दर वर्षी थोडी व्हिस्की उडून जाते आणि तिला देवदूतांचा वाटा म्हणतात. काका म्हणाले, "किती टक्के?" तो गोंधळला. काकांनी त्याला सांगितलं की देवदूत असोत नाहीतर कुणी, ठरलेल्या टक्क्यापुढे त्यांना काही मिळत नाही. सगळे हसले. काका मात्र तेवढं बोलून बाहेर गेले आणि बाकावर बसले. मी त्यांना पाणी नेऊन दिलं.

दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून निघाले. डिस्टिलरी छोटी होती, नवी, सगळीकडे काच आणि कुंड्या. आम्ही तिकिटं काढून इतर सात-आठ जणांबरोबर उभे राहिलो. मुंबईहून आलेली एक जोडी होती, बाकी पुण्याचे मित्र होते. आणि आतून तो केमिस्ट आला. वय सत्तरीचं, सडपातळ, डोक्यावर मागे फिरवलेले पांढरे केस. सगळ्यांवरून नजर फिरवताना ती काकांवर आली, क्षणभर थांबली आणि पुढे गेली. ओळखलं की नाही, मला कळेना. काकांनाही कळलं नसावं, कारण त्यांनी माझी बाही धरली होती.

तासभर त्यानं सगळ्यांना फिरवलं. बार्ली दाखवली, तांब्याची भांडी दाखवली, पिंपांच्या खोलीत नेलं. फार छान बोलत होता, हळू आणि नेमकं. शेवटी सगळ्यांना छोट्या पेल्यांत थोडी थोडी व्हिस्की दिली. काकांच्या पुढे पेला ठेवला आणि काही न बोलता शेजारी एक स्वच्छ कोरडा रुमाल ठेवला. बाकी कुणालाच रुमाल दिला नव्हता. हात पुसायला तो लागतो, हे त्याला माहीत होतं. काकांनी पेल्याला हात लावला नाही.

त्यानं विचारलं, कुणाला काही विचारायचं आहे का. काकांनी शाळेतल्या मुलासारखा हात वर केला आणि उभे राहिले.

"विचारायचं नाही. सांगायचंय," ते म्हणाले. "मी यांच्या कारखान्यावर एक्साइजचा इन्स्पेक्टर होतो. माझ्या अहवालावरून यांना काढलं. यांचा माल पुरा होता. माझं थर्मामीटर दोन अंश जास्त दाखवत होतं."

पुण्याचे मित्र एकमेकांकडे पाहू लागले. मुंबईची बाई हातातला पेला तसाच धरून थांबली. मी खिशातून तो छापील कागद काढला आणि कुणाला द्यावा हे न कळून हातातच ठेवला.

केमिस्ट म्हणाला, "मला माहीत होतं, साहेब. आम्ही नवीन आणलं तेही तुम्ही सदोष ठरवलंत, तेव्हाच कळलं. मी तुम्हाला म्हटलंही होतं, आपलं एकदा तपासून घ्या."

काका म्हणाले, "म्हटलं होतं."

"थर्मामीटर काचेचं असतं. बिघडतं. त्याचा काय दोष?"

मला वाटलं, आता काका खाली बसतील. ते म्हणाले, "बरोबर आहे. थर्मामीटरची नाही, चूक माझी. माझंच उपकरण खरं असा मला माज होता." हे त्यांनी आठ अनोळखी माणसांसमोर, सरळ उभं राहून सांगितलं. त्या क्षणी मला त्यांचा फार अभिमान वाटला, आणि वाटलं की झालं, ज्यासाठी आलो ते झालं.

केमिस्टनं पाहुण्यांना दुकानाकडे पाठवलं आणि काकांच्या समोर खुर्ची ओढून बसला. चिडलेला दिसत नव्हता. त्यानं सांगितलं की नोकरी काही महिन्यांत दुसरी मिळाली, छोटी होती पण मिळाली. लोक बोलायचे ते बोलून थांबले. मग टेबलावरचा तो रुमाल घडी करत म्हणाला, "मला कळून काय उपयोग, साहेब? मी तर माझ्यापुरता सुटलेलोच होतो. बायकोला सांगायला हवं होतंत."

काका म्हणाले, "घरी येऊ का? आत्ता येतो."

"ती जाऊन चार वर्षं झाली." त्यानं घडी केलेला रुमाल बाजूला ठेवला. "वाईट नव्हती हो. मला कधी टाकून बोलली नाही. पण तिला शेवटपर्यंत वाटायचं की मी काहीतरी केलं असणार. मी शपथा घेतल्या. ती म्हणायची, साहेब खोटं लिहिणाऱ्यातले नाहीत."

आयुष्यभर काकांनी जी एक गोष्ट जपली, तिच्यामुळेच एका माणसाचं घरातलं बोलणं खोटं पडलं होतं. मी लॅबमधल्या त्या कागदाची घडी घालून पर्समध्ये टाकली. त्या कागदाचा तिथे कुणालाच उपयोग नव्हता.

मग केमिस्टच म्हणाला की मुलगी आहे, पुण्याला असते, तिला सांगाल का. काकांनी मान हलवली. त्यानं फोन लावला, "साहेब आलेत, आपले क्वार्टरमधले, ऐक" एवढं म्हणून स्पीकर चालू केला आणि फोन टेबलावर ठेवला. काकांनी सगळं पुन्हा सांगितलं, महिना, आकडे, थर्मामीटर, स्वतःचा हट्ट, एकही वाक्य न गाळता. मग मुलगी म्हणाली, "बाबांना द्या." केमिस्टनं स्पीकर बंद केला, फोन कानाला लावला आणि पिंपांच्या खोलीत निघून गेला. आम्ही वीस मिनिटं थांबलो. तो बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. तो फक्त एवढंच म्हणाला की साहेब, परत या, वहिनींना घेऊन या.

परतीच्या वाटेवर काकांनी एकदाच तोंड उघडलं आणि गाडी सावकाश चालव म्हणून सांगितलं. मी चाळीसच्या पुढे गेलेच नव्हते.

काकू फाटकातच उभ्या होत्या. काकांनी ओसरीवर बसून बूट काढले आणि त्यांना सगळं सांगितलं. तो भेटला, त्यानं ऐकून घेतलं, मुलीशी फोनवर बोललो, तुलाही बोलावलंय. काकूंचा चेहरा उजळला. त्यांनी देवघराच्या दिशेनं हात जोडले आणि माझ्याकडे वळून विचारलं, "आणि तिची आई? ती काय म्हणाली?"

काका माझ्याकडे पाहत राहिले. तेवढं त्यांच्यानं सांगवेना. मी काकूंना सांगितलं की त्या चार वर्षांपूर्वी गेल्या. त्या आपल्या नवऱ्याबद्दल काय समजत होत्या, तेही सांगितलं, कारण त्या घरात अर्धवट सांगायची पद्धत नव्हती.

काकू काकांच्या शेजारी पायरीवर बसल्या. मग बोलल्या, ते माझ्याशी नाही, त्यांच्याशी.

"टेंपो निघाला तेव्हा ती आपल्या दाराशी आली होती. मी आत उभी होते, दार उघडलं नाही. तुम्ही लिहिलंय म्हणजे खरंच असणार, असं मलाही वाटलं होतं."